गावचा जुना तलाव: पाणी कोणत्या वाटेने जाते?

१९७२ च्या दुष्काळात हाताला काम आणि पोटाला आधार म्हणून गावोगावी मातीचे तलाव उभे राहिले. मराठवाडा, नगर, सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग, जिथे जिथे बायाबापड्यांनी मजुरी आणि सुकडीवर मातीची घमेली वाहिली, तिथे तिथे आज पाझर तलाव दिसतो. पुढे रोजगार हमी योजनेतून आणखी अनेक झाले. ती घमेली वाहणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली, भिंती पन्नाशीच्या झाल्या. बऱ्याच गावांत आज या तलावाचा नकाशा कोणाकडे नाही, सांडव्याची मूळ रुंदी कोणाला ठाऊक नाही आणि भिंतीवर बाभळी वाढल्या आहेत. तलाव भरला की पूजा होते, आटला की विसर पडतो.

जुना म्हणजे धोक्याचा, असे मात्र समजू नका. सिंधुदुर्गातला धामापूरचा तलाव १५३० सालचा आहे आणि आजही पाणी धरून आहे. उलट चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फार जुने नव्हते. ते २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. मातीची भिंत टिकते ती देखभालीवर. ही देखभाल करायला इंजिनिअरच हवा असे नाही, पण काय पाहायचे ते माहीत हवे.

सगळ्या पाहणीचे सार एका प्रश्नात आहे: तलावातले पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाते? तीन वाटा हक्काच्या आहेत. तळातून जमिनीत मुरणे, विमोचकातून (भिंतीतल्या झडपेच्या नळातून) सोडणे आणि सांडव्यावरून वाहणे. दोन वाटा घाताच्या आहेत. भिंतीच्या पोटातून आणि भिंतीच्या माथ्यावरून. पहिल्या तीन मोकळ्या ठेवणे आणि शेवटच्या दोन बंद ठेवणे, एवढेच तलाव सांभाळणाऱ्याचे काम. पुढचा सगळा लेख याच हिशेबाने वाचा.

आधी तलाव कशासाठी आहे ते ठरवा

लहान तलाव दिसायला सारखे असले तरी त्यांचे काम वेगवेगळे असते. पाझर तलावाला कालवा नसतो. पाणी तळातून मुरावे, खालच्या विहिरींना यावे, एवढाच त्याचा हेतू. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी मुरते ते मुरमाच्या थरातून आणि खडकाच्या भेगांतून. म्हणून असा तलाव दिवाळीनंतर भराभर उतरला तर घाबरू नका. पाणी उतरते आणि खालच्या विहिरी चढतात, तर तलाव आपले काम चोख करतो आहे.

साठवण तलाव किंवा लघुसिंचन तलाव मात्र पाणी धरून ठेवण्यासाठी असतो. त्याला विमोचक आणि बहुतेक वेळा पाट असतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली भागातले माजी मालगुजारी तलाव या जातीचे. कोहळी समाजाने धानासाठी बांधलेले हे तलाव शेकडो वर्षांचे आहेत आणि त्यांतले पाणी तुडुमातून, म्हणजे जुन्या पद्धतीच्या विमोचकातून, बांध्यांना जाते. असा तलाव अवेळी उतरत असेल तर कारण शोधायलाच हवे.

पाझर तलावाचे काम मोजायला यंत्र लागत नाही. तलावाखालच्या चार-पाच विहिरी निवडा. कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजून वहीत लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तेच महिने तुम्हीही धरा. दोन-तीन वर्षांत चित्र स्पष्ट होते. तलाव भरूनही मार्चमध्ये खालच्या विहिरी कोरड्याच पडत असतील तर तळाशी गाळाचा थर बसला असण्याची शक्यता मोठी.

पाझर तलावातून मोटारी लावून थेट उपसा करणे हे त्याच्या हेतूच्या उलट आहे. काठावरच्या पाच जणांचे पीक येते, खालच्या पन्नास विहिरींचे पाणी जाते. हा निर्णय ग्रामसभेचा आहे. तो उघडपणे करा.

भिंतीच्या पोटात काय आहे

बाहेरून नुसता मातीचा ढिगारा दिसतो, पण नीट बांधलेल्या भिंतीत दोन मातींचे काम वाटून दिलेले असते. मध्ये काळ्या चिकणमातीचा गाभा. तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचे आवरण. ते गाभ्याला आधार देते आणि ऊन-पावसापासून जपते. गाभा जमिनीखालीही उतरवलेला असतो. पायात चर खणून तो कठीण थरापर्यंत नेतात, म्हणजे पाणी भिंतीखालून निसटत नाही. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मार सोसायला दगडांचे पिचिंग, आणि मागच्या पायथ्याशी दगड-खडीचा निचरा, ज्यातून मुरलेले थोडे पाणी मातीला बरोबर न घेता बाहेर पडते.

पाण्याकडचा उतार सहसा उंचीच्या अडीच ते तीन पट आडवा असतो, मागचा दोन ते अडीच पट. पाण्याची पूर्ण पातळी आणि भिंतीचा माथा यांत मोकळी उंची ठेवलेली असते, लहान तलावांत साधारण एक ते दीड मीटर. ही रिकामी उंची वाया गेलेली नाही. पूर आला की सांडव्यावरून जाणारे पाणी त्याच जागेत चढते आणि लाटाही तिथेच विरतात.

दुष्काळी कामांत दबाई सगळीकडे सारखी झाली असे नाही. कुठे रोलर मिळाला, कुठे माणसांच्या आणि गाढवांच्या पायांनीच जी दबली ती दबली. म्हणून पन्नास वर्षांत माथा मध्यभागी खाली बसलेला असतो, आणि नेमकी तिथेच भिंत सर्वांत उंच असते, कारण खाली नाल्याचे पात्र असते. लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या साध्या पारदर्शक नळीनेही, दोन टोकांच्या तुलनेत मध्य किती खचला ते मोजता येते. खचला असेल तर तो भाग थर देत, दाबत मूळ उंचीला आणणे हे दुरुस्तीचे पहिले काम.

वर्षातून तीन पाहण्या

पहिली पाहणी मे महिन्यात, तलाव कोरडा किंवा तळाला गेलेला असताना. तेव्हा बिळे, तडे, ढळलेले पिचिंग आणि विमोचकाचे तोंड दिसते, आणि दुरुस्तीला हाताशी महिना असतो. दुसरी पहिल्यांदा तलाव भरताना. मातीच्या भिंतीची खरी परीक्षा पाणी चढताना होते; म्हणून पाणी निम्म्यावर, मग तीन चतुर्थांशावर आणि मग पूर्ण पातळीवर आले की प्रत्येक वेळी मागची बाजू चालून पाहा. तिसरी ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबल्यावर. तेव्हा आजूबाजूची जमीन वाळू लागलेली असते, त्यामुळे भिंतीमागे जे ओले राहिले ते पावसाचे नाही हे कळते.

पाहणी चालत करायची आणि तीन फेऱ्यांत करायची: माथ्यावरून एक, मागच्या उताराच्या मधून एक, पायथ्यालगत एक. दोघे-तिघे मिळून जा, एकट्याने नको. भिंतीवर दर ३० मीटरला रंग मारलेला दगड रोवा आणि त्याला क्रमांक द्या. म्हणजे ‘मधे कुठेतरी ओल आहे’ असे मोघम न लिहिता ‘चौथ्या दगडापासून उजवीकडे १० मीटरवर, पायथ्याशी’ असे लिहिता येईल. डावे-उजवे पाण्याकडे पाठ करून उभे राहून ठरवायचे, अशी रीत आहे.

फोटो काढताना शेजारी काठी किंवा फावडे ठेवा, आकाराचा अंदाज येतो. प्रत्येक नोंदीबरोबर त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहाच. गळती वाढली का, हा प्रश्न पातळी माहीत असल्याशिवाय सुटत नाही.

ओल, गळती आणि गढूळ पाणी

मातीच्या प्रत्येक भिंतीतून थोडे पाणी झिरपते. त्यामुळे पायथ्याशी ओल दिसली की धरण फुटणार, असा गलका करू नका. तीन गोष्टी तपासा.

पाणी स्वच्छ आहे का? काचेच्या ग्लासात किंवा पारदर्शक बाटलीत घेऊन दहा मिनिटे ठेवा. तळाशी माती बसली तर भिंतीतली माती वाहून जाते आहे. आतून नळी पडत चालली आहे, आणि ही नळी बाहेरून आत, पाण्याच्या दिशेने वाढत जाते. ती तलावाला पोचली की हाताशी वेळ उरत नाही. गढूळ गळती हे सर्वांत वाईट लक्षण समजा.

पाणी वाढते आहे का? गळतीचे पाणी लहान चरीतून एका जागी आणा, तिथे पत्र्याचे पन्हाळे बसवा आणि १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. ४० सेकंद लागले तर मिनिटाला १५ लिटर झाले. तलावाची पातळी तीच असताना पुढच्या आठवड्यात बादली २० सेकंदांत भरली तर गळती दुप्पट झाली.

पाणी कुठून निघते आहे? पायथ्याच्या निचऱ्यातून निघणारे पाणी अपेक्षित आहे. उताराच्या मधोमध, म्हणजे पायथ्यापासून वर, ओल किंवा हिरव्या लव्हाळ्याचा पट्टा दिसला तर तो गंभीर आहे. गाभा पाणी अडवत नाही, असा त्याचा अर्थ. पायथ्यापलीकडच्या जमिनीत पाणी बुडबुडत वर येऊन भोवती वाळूचे कडे साचत असेल तर पाणी भिंतीखालून येते आहे.

यात एक चूक हमखास होते. गळती दिसली की लोक मागच्या बाजूने चिकणमाती आणि सिमेंट थापून तोंड बुजवतात. पाणी तिथे थांबत नाही. भिंतीच्या आत दाब वाढतो आणि ते शेजारून, जास्त जोराने फुटते. मागच्या बाजूला पाण्याला जाऊ द्यायचे असते, मातीला अडवायचे असते. त्यासाठी गळतीच्या जागी आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर जाड खडी आणि शेवटी दगड असा थर देतात. बुडबुडणाऱ्या जागेभोवती वाळूच्या पोत्यांचे गोल कडे रचून आत थोडे पाणी उभे राहू दिले की वर येणाऱ्या पाण्याचा जोर मोडतो. अडवायचे असेल तर पाण्याच्या बाजूने, जिथे पाणी आत शिरते तिथे. आणि हे सगळे तात्पुरते. कायमची दुरुस्ती अभियंत्याच्या देखरेखीखाली, तलाव उतरल्यावर.

तडे आणि घसरण

उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणारे, बोटभर खोलीचे तडे सगळीकडे असतात. ते सोडून द्या. लक्ष द्यायचे ते दोन प्रकारांकडे.

पहिला, भिंतीच्या लांबीला आडवा जाणारा, म्हणजे पाण्याकडून मागच्या बाजूला आरपार निघणारा तडा. पाणी चढले की त्याला वाट आयती मिळते. असा तडा बहुधा खचलेल्या मध्यभागाच्या दोन्ही अंगांना किंवा भिंत टेकडीला मिळते तिथे सापडतो. तो तळ सापडेपर्यंत उकरून, ओलसर चिकणमाती १० ते १५ सेंटिमीटरच्या थरांनी भरत आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकत वर आणायचा. वरवर माती लोटून तोंड झाकले तर तडा दिसेनासा होतो, जात नाही.

दुसरा, माथ्यावर लांबीच्या दिशेने कमानीसारखा वळलेला तडा, ज्याची एक कड खाली उतरलेली असते. ही उतार घसरण्याची सुरुवात आहे. खाली पायथ्याशी माती फुगून पुढे आली असेल तर शंकाच नको; त्याच दिवशी खात्याला कळवा आणि त्या भागावर वाहन नेऊ नका.

पाण्याकडचा उतार घसरतो तो बहुतेक वेळा तलाव भरताना नव्हे, झपाट्याने उतरताना. बाहेरचे पाणी जाते, मातीच्या आतले मागे राहते आणि ओल्या मातीला तिचेच वजन झेपत नाही. म्हणून विमोचक एकदम पूर्ण उघडून तलाव रिकामा करू नका. पाणी टप्प्याटप्प्याने उतरवा.

सांडव्याशी खेळ नको

माती पाण्याखाली तग धरते, पाणी अंगावरून गेले की धरत नाही. माथ्यावरून पाणी गेलेली मातीची भिंत काही तासांत कापली जाते. गुजरातेत मोरबीजवळचे मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच पाणी वरून जाऊन फुटले. या एका संकटापासून वाचवतो तो सांडवा. आणि आपल्या तलावांत सर्वांत जास्त छेडछाड त्याच्याशीच होते.

जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर पोती रचणे किंवा एक-दीड फुटाची भिंत घालणे हा प्रकार सर्रास चालतो. एक हेक्टर पसाऱ्यावर एक मीटर पाणी म्हणजे १० हजार घनमीटर, एक कोटी लिटर. तेव्हा मोह समजण्यासारखा आहे. पण सांडवा जेवढा वर उचलला तेवढीच भिंतीची मोकळी उंची घटली. पुराच्या रात्री तीच कमी पडते. साठा वाढवायचाच असेल तर गाळ काढा, सांडव्याला हात लावू नका.

मासेमारीचा ठेका दिलेल्या तलावांत मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळी लावतात. पहिल्या पुराबरोबर येणारा पालापाचोळा, धसकटे, जलपर्णी त्या जाळीत अडकते आणि जाळीची भिंत होते. ठेक्याच्या करारातच अट घाला: पावसाळ्यात सांडव्यावर जाळी नाही. मासे गेले तर नुकसान ठेकेदाराचे होईल, भिंत गेली तर गावाचे.

सांडव्याची रुंदी मूळ नकाशाप्रमाणे आहे का ते फीत लावून मोजा. बांध सरकवून तिथे शेत केलेले असते, कुठे गोठा असतो, कुठे रस्त्यासाठी भराव टाकलेला असतो. सांडव्यापासून नाल्यापर्यंतची चरही पाहा. वाहत्या पाण्याने ती पायरी-पायरीने कापत मागे सरकते, आणि हा काप सांडव्यापर्यंत पोचला तर सांडवाच उखडतो. असा काप दिसला की दगडी सोलिंग किंवा गॅबियन करून तो उन्हाळ्यातच अडवा. चरीचे पाणी भिंतीच्या पायथ्याकडे वळत नाही ना, हेही बघा.

पन्नास वर्षांत पाणलोटही बदललेला असतो. माळराने नांगरली गेली, नवे रस्ते झाले, डांबर-काँक्रीट वाढले. पाणी पूर्वीपेक्षा लवकर आणि एकदम येते. वरच्या अंगाला दुसरा तलाव असेल तर त्याची तब्येत तुमच्याही तलावाची चिंता आहे, कारण तो फुटला तर त्याचे पाणी तुमच्याच सांडव्यावर येणार. सांडव्याची क्षमता आजच्या पाण्याला पुरते का, हे अभियंत्याकडून तपासून घेण्याचे काम जुन्या तलावात एकदा तरी व्हायलाच हवे.

विमोचक आणि चोरटे पाइप

मातीच्या भिंतीतून जाणारी कोणतीही नळी हा दुबळा दुवा असतो. माती आणि नळी यांच्या सांध्यातून पाणी सरकते. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. ते आकाराने कितीतरी मोठे होते, पण तिथेही दुखणे सुरू झाले ते विमोचकापाशी: अपुऱ्या राहिलेल्या विमोचकातून पाणी जोराने जात राहिले, त्याच्यावरचा भराव खचत गेला आणि शेवटी पाणी वरून गेले. लहान तलावालाही हा धडा लागू आहे. विमोचकाच्या वरचा माथा खचला आहे का, नळाच्या बाहेरच्या तोंडाभोवती, नळाच्या बाहेरून पाणी येते का, झडप पूर्ण बंद होते का, हे मे महिन्यात पाहा. झडपेला वंगण द्या, चाक चोरीला गेले असेल तर नवे बसवा. गरजेच्या दिवशी उघडत नाही असा विमोचक असून नसल्यासारखा.

याहून घातक असतात भिंत उकरून टाकलेले खासगी पाइप. कोणीतरी रात्रीतून चर खणतो, मोटारीचा पाइप टाकतो आणि ढिली माती लोटतो. गाभ्यातच वाट तयार होते. पाइप न्यायचाच असेल तर भिंतीला टोकाकडून वळसा घालून, किंवा फार तर माथ्यावरून उघडा न्यावा. भिंत उकरायची नाही. जुने पाइप सापडले तर ते खात्याच्या मदतीने काढून चर नीट दाबून भरून घ्या.

झाडे, बिळे, गुरे आणि ट्रॅक्टर

भिंतीवर गवत हवे, झाड नको. हरळी, मारवेल, वाळा यांची मुळे मातीची वरची कातडी धरून ठेवतात. बाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ, पिंपळ यांची मुळे आत खोल जातात. झाड मेले की मुळे कुजतात आणि पोकळ नळ्या उरतात. वादळात झाड उन्मळले तर मुळांसकट भिंतीचा लचकाच निघतो. बोटाएवढी रोपे दरवर्षी मुळासकट उपटा. मोठे झाड मात्र नुसते तोडून बुंधा ठेवू नका. तलाव कोरडा असताना, अभियंत्याला विचारून, बुंधा आणि जाड मुळे काढा आणि खड्डा थरांनी दाबून भरा. घाणेरीची दाट झुडपेही काढा. ती भिंतीला फारशी इजा करत नाहीत, पण त्यांच्या आड बिळे लपतात आणि पाहणी करणाऱ्याला काहीच दिसत नाही.

तिवरे फुटल्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले आणि राज्यभर टीका झाली. खेकडे, घुशी, सायाळ मातीत बिळे करतात हे खरेच आहे. पण बीळ एका रात्रीत भिंतीच्या आरपार जात नाही. ते पाहणीत दिसते आणि वेळीच बुजवता येते. गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या, असे तिवऱ्याच्या ग्रामस्थांनी सांगितले होते. तेव्हा खेकड्याचा दोष मान्य केला, तरी पाहणी न करणाऱ्याचा आणि तक्रार वाचून गप्प बसणाऱ्याचा त्याहून मोठा. बिळाचे तोंड नुसते बंद करू नका; शेवटापर्यंत उकरा आणि ओलसर चिकणमातीने ठोकून भरा. फार खोल असेल तर चिकणमातीची पातळ रबडी ओतून भरून घेतात.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. गुरांची पायवाट उतारावर पडली की पहिल्या पावसात तिची घळ होते. गुरांना टोकाकडून दगडी उतार करून द्या. माथ्यावरून उसाचे ट्रॅक्टर नेऊ नका. चाकोऱ्यांत पाणी साचते आणि भिंतीत मुरते. माथ्याला पाण्याकडे हलका ढाळ ठेवा. पिचिंगचे दगड घराच्या पायात गेले असतील तर परत लावा. पायथ्यालगत नांगरट, मुरूम उपसा, विहीर, बोअर आणि सुरुंग यांना मनाई असा ठराव ग्रामसभेत करा. पायथ्याशी एक पट्टा मोकळा आणि कोरडा राहिला तरच ओल डोळ्याला दिसते.

गाळ काढा, पण बेताने

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे पोकलेन तलावात उतरले आणि अनेक तलावांचा तळ पुन्हा मुरता झाला. पाझर तलावाला याची खरी गरज असते, कारण गाळाचा थर तळावर बसला की हक्काची पहिली वाटच बंद होते. मात्र भिंतीलगतचा गाळ काढू नका. तो भिंतीच्या पायावर पांघरुणासारखा असतो आणि तिथली गळती रोखतो. पोकलेन पाण्याकडच्या पायथ्यापासून बरेच दूर ठेवा, नेमके अंतर अभियंत्याकडून आखून घ्या. मूळ तळ लागला की थांबा. मुरमासाठी खाली खणत गेलात तर ती गाळउपसणी राहत नाही, खाण होते. आणि वरच्या पाणलोटात सलग समतल चर, दगडी बांध, गवताचे पट्टे केले नाहीत तर काढलेला गाळ काही वर्षांत पुन्हा भरतो.

रात्री पाणी चढले तर

सांडवा जोरात वाहत असेल आणि पाऊस थांबत नसेल तर भिंतीवर पहारा हवा. दोघे-दोघे, टॉर्च घेऊन, दर तासाला. पाण्याच्या कडेला खुणेची काठी रोवा. पाणी तासाला किती चढते ते कळले की पुढचे ठरवता येते. पुढीलपैकी एक जरी दिसले तरी आधी खालच्या वस्तीला उठवा, मग फोन करा: गढूळ गळती, पाण्यावर भोवरा, माथा खचणे, उतार घसरणे, किंवा पाणी माथ्यापासून हातभर उरणे.

नाल्याकाठच्या घरांची यादी, त्यांचे फोन, म्हातारी माणसे, अपंग, बाळंतिणी कोणत्या घरात आहेत, उंचावरची शाळा किंवा देऊळ कोणते, कोणत्या वाटेने जायचे, हे जूनच्या आधी ठरलेले हवे. देवळाचा भोंगा हा इशारा देण्याचा चांगला मार्ग आहे, पण वीज जाईल हे गृहीत धरून हाताने फिरवायचा सायरन किंवा ढोलही ठेवा. नाला ओलांडून पलीकडे जायचे नाही, आपल्याच बाजूला उंच चढायचे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि आपत्कालीन सेवेचा ११२ हे भिंतीजवळच्या फलकावर रंगवा.

भोवरा दिसला तर तिथे मातीची पोती, गवताचे भारे, ताडपत्री सोडतात. माणसाने पाण्यात उतरायचे नाही. पातळी उतरवायला विमोचक उघडा, पंप लावा, माथ्यावरून वक्रनळीने पाणी काढा. भिंत मात्र कापू नका. ‘थोडी फोडली की दाब कमी होईल’ या समजुतीने केलेला वीतभर काप पाणी स्वतःच वाढवते आणि मग ते कोणाच्या हातात राहत नाही. गावकरी बाहेर पडले का, याची खात्री झाल्याशिवाय भिंत वाचवण्याच्या मागे लागू नका.

तलाव कोणाचा, अर्ज कोणाकडे

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधल्या धरणांना तो लागू होतो, पण माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर अशा काही अटींतली एखादी पुरी होत असेल तरच. गावचे बहुतेक पाझर तलाव या चौकटीबाहेर राहतात. म्हणजे कायद्याने ठरलेली नियमित तपासणी त्यांच्या वाट्याला येत नाही. ते काम गावालाच मागे लागून करून घ्यावे लागते.

शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे आणि त्यापुढचे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे असतात. तुमचा तलाव कोणाच्या नोंदीत आहे ते आधी लेखी विचारा. कोणाच्याच नोंदीत नाही असे उत्तर आले, तर तेही लेखीच घ्या. मूळ अंदाजपत्रक, नकाशा, सांडव्याची रुंदी, पूर्ण संचय पातळी यांच्या प्रती मागा. न मिळाल्यास माहिती अधिकारात मागा. अर्जात तारीख, पाण्याची पातळी, दगड क्रमांक, बादलीचे सेकंद आणि फोटो द्या. ‘तलाव धोकादायक आहे’ या ओळीपेक्षा ‘१२ ऑगस्टला बादली ४० सेकंदांत भरत होती, १९ ऑगस्टला २० सेकंदांत, पाणी गढूळ’ या ओळीवर अधिकारी जागचा हलतो. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

एक कडवा पर्यायही मनात ठेवा. तलाव गाळाने भरलेला, विहिरींना उपयोग नाही, सांडवा अपुरा आणि खाली वस्ती वाढलेली, अशी स्थिती असेल आणि दुरुस्तीचा खर्च परवडत नसेल, तर अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे उन्हाळ्यात भिंतीतून रुंद, दगडी अस्तराची वाट काढून तलाव रीतसर मोडीत काढणे शहाणपणाचे. हेतू संपलेली भिंत गावाला काही देत नाही, फक्त धोका सांभाळायला लावते. पण असे तलाव थोडे. बहुतेकांना लागते ती साफसफाई, चार-दोन ब्रास मुरूम, मोकळा सांडवा आणि लक्ष ठेवणारी माणसे.

१ मेच्या ग्रामसभेत तलावाचा विषय घ्या, तीन माणसे नेमा, वही सुरू करा आणि पावसाळ्याआधी पहिली फेरी मारा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तीच वही सगळ्यांसमोर वाचून दाखवा. पाणी कोणत्या वाटेने जाते हे ज्या गावाला ठाऊक असते, त्या गावाला भिंत बिघडण्याची खबर वेळेवर मिळते.